फ्लामेंकोची प्रयोगस्थळे

फ्लामेंको या दक्षिण स्पेनमधील गायन-वादन-नृत्यप्रकाराचे प्रत्यक्ष प्रयोग ज्या ठिकाणी सादर केले जातात, ती स्थळे. त्यांत ताब्लाओ (लाकडी मंचाची प्रयोगगृहे), पेन्या (रसिकमंडळे), ग्रानादा येथील साक्रोमोंते टेकडीवरील गुहा, नाट्यगृहे, महोत्सव तसेच धार्मिक व कौटुंबिक उत्सव यांचा प्रामुख्याने अंतर्भाव होतो. फ्लामेंकोचा उगम व विकास आंदालुसिया प्रदेशात, विशेषतः सेव्हिल, हेरेझ आणि कादिझ या शहरांच्या परिसरात झाला. तथापि माद्रिद व बार्सेलोना ही शहरेही त्याची मोठी केंद्रे आहेत. परंपरेने ही कला मौखिक असून तिला लिखित संहितेचा वा स्वरलेखनाचा आधार नाही. एक ठरीव चौकट सांभाळून ती प्रत्येक प्रयोगात नव्याने घडते. त्यामुळे प्रयोगाची जागा, श्रोत्यांची संख्या आणि त्यांची जाण यांचा तिच्या रूपावर मोठा परिणाम होतो. एकाच शहरात एकाच रात्री तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्यास फ्लामेंकोची तीन वेगवेगळी रूपे आढळू शकतात. म्हणून एखाद्या शहरात फ्लामेंको कोठे पाहावा, हा प्रश्न केवळ प्रवाशाच्या सोयीचा नसून कलेच्या स्वरूपाशी व इतिहासाशी निगडित आहे.

कलेची अंगे : फ्लामेंकोची कांते (गायन), तोके (गिटारवादन) व बायले (नृत्य) अशी तीन मुख्य अंगे मानली जातात. त्यांना पाल्मास (तालबद्ध टाळ्या) आणि हालेओ (दाद देणारे व उत्तेजन देणारे उद्‌गार) यांची जोड असते. परदेशी प्रेक्षकाच्या मनात फ्लामेंको म्हणजे नृत्य असे समीकरण झालेले असले, तरी जाणकार गायनालाच मूळ अंग मानतात. जुन्या गीतप्रकारांपैकी तोना व मार्तिनेते हे गिटारच्या साथीवाचून गायिले जातात. मार्तिनेते या प्रकाराचा संबंध लोहारांच्या भट्ट्यांशी जोडण्यात येतो व रंगमंचावर कित्येकदा ऐरणीवरील हातोड्याच्या ठोक्यांनी त्यास ताल दिला जातो.

गीतप्रकारास पालो अशी संज्ञा आहे. प्रत्येक पालोची स्वररचना, भाववृत्ती व तालचक्र (कोंपास) निश्चित असते. सोलेआ, अलेग्रिआस व बुलेरिआ हे बारा मात्रांचे प्रकार असून त्यांत सामान्यतः तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रांवर आघात येतो. सोलेआ गंभीर व विलंबित, अलेग्रिआस प्रसन्न, तर बुलेरिआ द्रुत व खेळकर असते. तांगोस हा प्रकार चार मात्रांचा आहे. सिगिरिया हा अत्यंत शोकात्म प्रकार असून त्यातील आघातांची विषम मांडणी नवख्या श्रोत्याला चटकन उमगत नाही. हिंदुस्थानी संगीतातील आवर्तनाची सवय असलेल्या श्रोत्यास हे चक्र समजावयास फारशी अडचण पडत नाही. मात्र समेवर येण्याची कल्पना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण आवर्तनाचा समारोप बहुधा दहाव्या मात्रेवर होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : फ्लामेंकोच्या घडणीत आंदालुसियातील लोकगीते व लोकनृत्ये, मूरकालीन संस्कृतीचे अवशेष आणि हितानो (स्पेनमधील जिप्सी) समाजाचे गायन यांचा वाटा असल्याचे मानले जाते. त्यांचे नेमके प्रमाण हा अभ्यासकांमध्ये वादाचा विषय आहे. जिप्सींची रोमानी भाषा भारतीय आर्य भाषाकुलातील असल्याने त्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले, हे मत सर्वमान्य आहे. स्पेनमध्ये त्यांच्या आगमनाचा पहिला लेखी पुरावा १४२५ मधील आहे. कथक व फ्लामेंको यांच्या पदन्यासांतील साम्य अनेकदा निदर्शनास आणले जाते व दोहोंचे संयुक्त प्रयोगही होतात. परंतु केवळ या साम्यावरून एकापासून दुसऱ्याची उत्पत्ती सिद्ध होत नाही. स्पेनमध्ये हितानोंना दीर्घकाळ छळ सोसावा लागला. १७४९ साली राजाज्ञेने त्यांची देशभर सरसकट धरपकड करण्यात आली. पुढे १७८३ च्या आज्ञेने त्यांना वास्तव्याचे व व्यवसायाचे स्वातंत्र्य मिळाले, तरी त्यांची भाषा व वेष यांवरील निर्बंध कायम राहिले. या परिस्थितीत त्यांचे गायन मुख्यतः घर, भट्टी, विवाहसमारंभ आणि खानावळी येथेच जोपासले गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे गायन व नृत्य सार्वजनिक ठिकाणी येऊ लागले. सेव्हिलमधील नृत्यशाळांत परदेशी प्रवाशांसाठी नृत्यसभा भरत. फ्रेंच प्रवासी शार्ल दाव्हिये व चित्रकार ग्युस्ताव्ह दोरे यांनी १८६२ मध्ये केलेल्या स्पेनच्या प्रवासाच्या वृत्तान्तात तत्कालीन नृत्यांची वर्णने व चित्रे आढळतात. प्रवाशांसाठी केलेला प्रयोग ही अलीकडची विकृती आहे, असा समज रूढ असला, तरी प्रवासी प्रेक्षक हा फ्लामेंकोच्या जवळजवळ आरंभापासूनच त्याचा सोबती होता, असे यावरून दिसते.

त्यानंतर काफे कांतांते (गायनाचे उपाहारगृह) हा प्रकार उदयास आला. मद्यपानाची मेजे, भिंतींवर आरसे आणि एका टोकाला लहानसा मंच अशी या काफेंची सर्वसाधारण रचना असे. सु. १८६० ते १९१० हा त्यांचा भरभराटीचा काळ होय. इटालियन वंशाचे पिता लाभलेला सुप्रसिद्ध गायक सिल्व्हेरिओ फ्रांकोनेत्ती (मृत्यू १८८९) याने १८८१ मध्ये सेव्हिल येथे स्वतःचा काफे काढला. काफेंमुळे कलावंतांना नियमित वेतन मिळू लागले, गिटारच्या साथीचा विकास झाला, नृत्यास मंच लाभला आणि निरनिराळ्या गावांचे गीतप्रकार एकत्र आले. आज फ्लामेंकोचे जे रूप अभिजात मानले जाते, ते बव्हंशी या काफेंतच सिद्ध झाले. तथापि १८८१ मध्येच फ्लामेंको गीतांचा संग्रह प्रसिद्ध करणारे लोकसाहित्याचे अभ्यासक आंतोनिओ माचादो इ आल्व्हारेस यांनी या काफेंमुळे मूळ हितानो गायन लयास जाईल, अशी भीती व्यक्त केली होती. जागा बदलली की कला भ्रष्ट होते, ही तक्रार तेव्हापासून प्रत्येक पिढीत नव्याने होत आली आहे.

१३ व १४ जून १९२२ रोजी ग्रानादा येथील आलांब्राच्या प्रांगणात संगीतकार मान्वेल दे फाया, कवी फेदेरीको गार्सिया लोर्का प्रभृतींच्या पुढाकाराने गायनस्पर्धा भरविण्यात आली, ती याच चिंतेपोटी. तिच्यात प्रस्थापित व्यावसायिकांना मज्जाव होता. एल तेनासास या टोपणनावाने ओळखला जाणारा एक वृद्ध गायक व मानोलो काराकोल (१९०९–७३) हा लहान मुलगा यांना तिच्यात पारितोषिके मिळाली. परंतु काराकोल पुढे नाट्यगृहे गाजविणारा लोकप्रिय व्यावसायिक गायक झाला. स्पर्धेनंतरच्या तीन दशकांत फ्लामेंको नाट्यगृहांत व बैलझुंजीच्या आखाड्यांत ‘ओपेरा फ्लामेंका’ या नावाने सादर होऊ लागला. ऑपेराला करात मिळणारी सवलत हे या नावाचे एक कारण होते. उर्वरित कलावंत खाजगी बैठकांवर गुजराण करीत. सेव्हिलमधील आलामेदा दे एर्कुलेस या चौकाच्या परिसरात आणि माद्रिदमधील मद्यगृहांत धनिकाच्या बोलावण्याची वाट पाहत ते रात्र काढीत. बिदागी किती मिळावी, हे यजमानाच्या लहरीवर अवलंबून असे.

ताब्लाओ : फळी या अर्थाच्या स्पॅनिश शब्दापासून ही संज्ञा आली आहे. १९५४ मध्ये माद्रिद येथे सुरू झालेले ‘सांब्रा’ हे आधुनिक ताब्लाओंचे आद्य उदाहरण मानतात. पेरिकोन दे कादिझ व राफाएल रोमेरो हे गायक, पेरिको एल देल लुनार हा गिटारवादक आणि रोसा दुरान ही नर्तकी यांसारखे श्रेष्ठ कलावंत तेथे काम करीत. ‘कोर्राल दे ला मोरेरिआ’ हे १९५६ मध्ये माद्रिदमध्येच स्थापन झालेले ताब्लाओ अद्याप चालू आहे. नर्तकी ब्लांका देल रेय हिचे नाव त्याच्याशी निगडित असून तेथील भोजनगृहास २०१८ मध्ये मिशलॅन तारांकनही मिळाले. स्पेनमध्ये पर्यटन वाढले, तशी ताब्लाओंची संख्याही वाढली. माद्रिदमध्ये ‘तोर्रेस बेर्मेहास’, बार्सेलोनात ‘लोस तारांतोस’ (१९६३) व ‘ताब्लाओ कोर्दोबेस’ (१९७०), तर सेव्हिलमध्ये ‘लोस गाय्योस’ (१९६६) व ‘एल आरेनाल’ (१९७५) ही या काळातील प्रसिद्ध ताब्लाओ होत.

ताब्लाओची खोली लहान असते. प्रेक्षक मंचाच्या अगदी जवळ बसतात आणि प्रयोग साधारणतः एक तास ते सव्वा तास चालतो. रात्री बहुधा दोन किंवा अधिक प्रयोग होतात. कलावंतांच्या संचास क्वाद्रो म्हणतात. त्यात एक-दोन गायक, एक-दोन गिटारवादक व दोन ते चार नर्तक-नर्तकी असून ते खुर्च्यांवर अर्धवर्तुळात बसतात. प्रवेशशुल्कात एखादे पेय समाविष्ट असते किंवा भोजनासह वेगळा दर आकारला जातो. भोजन व प्रयोग एकाच वेळी चालल्यास भांड्यांच्या आवाजाचा व वाढप्यांच्या ये-जा करण्याचा उपद्रव होतो. म्हणून जेथे भोजन प्रयोगापूर्वी आटोपले जाते किंवा केवळ पेयासह प्रवेश मिळतो, असे ताब्लाओ रसिकास अधिक सोयीचे ठरते.

ताब्लाओतील संच आठवड्यागणिक, कित्येकदा रोजही बदलतो. पूर्वी एकत्र तालीम न केलेले कलावंत एका मंचावर येऊन सुमारे पंधरा-वीस मिनिटांचे नृत्य निर्दोष उभे करतात, यामागे एक सर्वज्ञात संकेतव्यवस्था असते. गिटारच्या आरंभिक वादनानंतर गायक शब्दावाचून स्वर लावतो. नर्तकी ‘यामादा’ (हाक) या ठसठशीत पदन्यासाने गायकास कडवे सुरू करण्याचा इशारा देते. कडवे चालू असता ती हात, मनगटे व धड यांच्या हालचालींवर भर देते आणि ओळ संपताच जोरकस पदाघातांनी तिचा शेवट बांधते. त्यानंतर ‘एस्कोबिया’ हा केवळ पदन्यासाचा भाग येतो. त्यात लय हळूहळू वाढवीत नर्तकी परमोच्च बिंदू गाठते व शेवटी द्रुत बुलेरिआ किंवा तत्सम प्रकारात नृत्याची समाप्ती होते. या सर्व काळात नेतृत्व नर्तकीकडे असते व गायक आणि गिटारवादक तिच्या खांद्यांकडे व पावलांकडे लक्ष ठेवून असतात. प्रयोगाच्या अखेरीस ‘फिन दे फिएस्ता’ होतो. त्यात गायक, क्वचित गिटारवादकही, मंचाच्या पुढे येऊन दोन-चार पावले नाचतात. ठरीव नृत्यापेक्षा या अनौपचारिक भागातच कलावंताची खरी जाण प्रकट होते, असे रसिक मानतात.

परदेशी प्रवाशांसाठी चालणारा देखावा अशी ताब्लाओंची हेटाळणी केली जाते व काही ठिकाणी ती यथार्थही असते. झगमगीत पोशाख, ठोकळेबाज नृत्ये आणि गायकास दुय्यम स्थान हे तेथील दोष होत. परंतु कलावंताच्या दृष्टीने ताब्लाओ ही पाठशाळा आहे. दररोज वेगळ्या गायकाबरोबर नाचण्याची वा वेगळ्या नर्तकीस साथ करण्याची संधी अन्यत्र मिळत नाही. आधुनिक काळातील सर्वांत प्रभावी गायक कामारोन दे ला इस्ला (१९५०–९२) याने तारुण्यात ‘तोर्रेस बेर्मेहास’ येथे अनेक वर्षे गायन केले. धनिकाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या कलावंतास ताब्लाओने रोजचे काम व ठरलेले मानधन दिले, हे त्याचे सामाजिक महत्त्व होय.

पेन्या : पेन्या हे रसिकांनी वर्गणी काढून चालविलेले मंडळ असते. ग्रानादाच्या आल्बाइसिन भागातील ‘ला प्लातेरिआ’ (स्थापना १९४९) हे सर्वांत जुने पेन्या समजले जाते. मालागा येथील ‘हुआन ब्रेव्हा’ (१९५८) आणि सेव्हिल येथील ‘तोर्रेस माकारेना’ (१९७४) हीदेखील नामांकित आहेत. हुआन ब्रेव्हा हे एकोणिसाव्या शतकातील मालागा प्रांतातील एका विख्यात गायकाचे टोपणनाव असून पेन्यांना अशा दिवंगत कलावंतांची नावे देण्याची प्रथा आहे. कादिझमधील ‘ला पेर्ला दे कादिझ’ व ‘एन्रिके एल मेयिसो’ ही त्याची आणखी उदाहरणे होत.

पेन्यामध्ये गायनास अग्रस्थान असते. एक गायक व एक गिटारवादक एवढ्यावरच बहुतेक मैफली होतात आणि ध्वनिवर्धकाचा वापर टाळला जातो किंवा बेताने केला जातो. श्रोत्यांत जुने जाणकार, कलावंतांचे नातलग व परिसरातील रहिवासी असतात. गायन चालू असता कडक शांतता पाळली जाते. सिगिरियाची एखादी ओळ उत्तम साधली गेली, तर मात्र सभागृहातून हलक्या आवाजात उत्स्फूर्त दाद उमटते. सभासद नसलेल्यांनाही सार्वजनिक मैफलींस प्रवेश मिळतो व शुल्क ताब्लाओच्या मानाने पुष्कळच कमी असते. मात्र पेन्यांचे कार्यक्रम रोज होत नाहीत. ते मुख्यतः आठवड्याच्या अखेरीस व रात्री उशिरा सुरू होतात, तसेच उन्हाळ्यात बरेचसे बंद असतात. त्यांची जाहिरात बहुधा स्थानिक पातळीवरच होत असल्याने नगरपालिकेच्या पर्यटन कार्यालयात किंवा पेन्याच्या दारावरील फलकावर तपास करणे आवश्यक ठरते.

शहरांची वैशिष्ट्ये : सेव्हिलमध्ये ग्वादाल्किव्हिर नदीपलीकडील त्रियाना हा कुंभार, लोहार व खलाशी यांचा भाग गायनाचे एक उगमस्थान मानला जातो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथील हितानो कुटुंबांना शहराच्या कडेच्या वसाहतींत हलविण्यात आल्याने जुनी वस्ती विखुरली. त्यामुळे आजच्या त्रियानात पूर्वीची घरगुती परंपरा शोधणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. सांता क्रूस या जुन्या भागात ताब्लाओ आहेत. नर्तकी क्रिस्तीना होयोस हिच्या प्रेरणेने २००६ मध्ये सुरू झालेल्या फ्लामेंको नृत्य संग्रहालयातही रोज प्रयोग होतात. वसंत ऋतूतील एप्रिल जत्रेत सर्वत्र नाचले जाणारे सेव्हिल्यानास हे जोडीने करावयाचे लोकनृत्य असून त्यास फ्लामेंकोचा वेष व स्वर लाभला असला, तरी ते काटेकोर अर्थाने फ्लामेंको नव्हे. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात मात्र मिरवणुकीतील मूर्तीस उद्देशून सज्जातून गायिले जाणारे साएता हे साथीवाचूनचे गीत रस्त्यावर उभे राहून ऐकावयास मिळते.

हेरेझ हे बुलेरिआचे माहेरघर. सान्तियागो व सान मिगेल या तेथील दोन भागांतील हितानो घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गायक व गिटारवादक दिले आहेत. पिंपातून शेरी मद्य देणाऱ्या ‘ताबांको’ या जुन्या मद्यगृहांपैकी काहींत लहान प्रमाणावर प्रयोग होतात. डिसेंबरमध्ये नाताळनिमित्त शेजारी-शेजारी जमून गाण्याची ‘सांबोंबा’ ही प्रथा असून तीत प्रेक्षक व कलावंत हा भेद जवळजवळ राहत नाही. कादिझ हे बंदर अलेग्रिआससारख्या प्रसन्न प्रकारांचे स्थान असून तेथील गायनात विनोदाची झाक आढळते.

ग्रानादामध्ये आलांब्रासमोरील साक्रोमोंते टेकडीत खोदलेल्या पांढऱ्या गुहांमध्ये सांब्रा सादर केला जातो. हितानोंच्या विवाहविधीशी संबद्ध असलेली नृत्ये त्याच्या मुळाशी आहेत. गुहेत प्रेक्षक दोन्ही भिंतींलगत खुर्च्यांवर बसतात आणि नृत्य मधल्या चिंचोळ्या जागेत होते. १९६३ च्या सुमारास अतिवृष्टीमुळे अनेक गुहा कोसळल्या व तेथील कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. पुढे काही गुहा केवळ प्रयोगांसाठी पुन्हा सुरू झाल्या. त्यामुळे तेथील वातावरण जुने असले, तरी वस्तीचे जीवन त्यामागे पूर्वीइतके उरलेले नाही. कॉर्दोव्हा येथे १९५६ पासून राष्ट्रीय फ्लामेंको स्पर्धा भरते.

माद्रिद हे फ्लामेंकोचे उगमस्थान नसूनही व्यावसायिक कलावंतांची खरी राजधानी आहे. आंदालुसियातील कलावंत काम व कीर्ती यांच्या शोधात तेथे जातात. परिणामी तेथील ताब्लाओंत कसबाचा दर्जा सामान्यतः उच्च असतो. बार्सेलोनातही स्थलांतरित हितानोंची जुनी वस्ती आहे. जगप्रसिद्ध नर्तकी कार्मेन आमाया (मृत्यू १९६३) ही तेथील समुद्रकाठच्या सोमोर्रोस्त्रो या झोपडवस्तीत जन्मली.

नाट्यगृहे व महोत्सव : नाट्यगृहात नृत्यदिग्दर्शकाची पूर्वरचित कलाकृती सादर केली जाते. प्रकाशयोजना, समूहनृत्य व कथानक यांना तेथे वाव मिळतो. उत्स्फूर्ततेला मात्र मर्यादा पडते. आंतोनिओ गादेस (१९३६–२००४) या नर्तकाने या प्रकारास विशेष प्रतिष्ठा मिळवून दिली. दिग्दर्शक कार्लोस साउरा याच्या बोदास दे सांग्रे (१९८१) व कार्मेन (१९८३) या चित्रपटांमुळे त्याची कला जगभर पोहोचली. सेव्हिलचा द्वैवार्षिक महोत्सव (बिएनाल) १९८० मध्ये सुरू झाला व तो सम वर्षी शरद ऋतूच्या सुमारास होतो. हेरेझ महोत्सव १९९७ पासून हिवाळ्याच्या अखेरीस व्हियामार्ता नाट्यगृहात व शहरातील अन्य ठिकाणी भरतो. तो नृत्यप्रधान असून त्यास जोडून होणाऱ्या अभ्यासवर्गांना अनेक देशांचे विद्यार्थी येतात. उन्हाळ्यात लहान गावांमध्ये खुल्या मैदानावर रात्रभर चालणारे महोत्सव होतात. उत्रेरा येथील ‘पोताहे हितानो’ (१९५७) हा त्यांतील सर्वांत जुना मानला जातो. मुर्सिया प्रदेशातील ला उनिओन या खाणींच्या गावी १९६१ पासून खाणकामगारांच्या गीतप्रकारांसाठी स्पर्धा भरते. ज्यास शहरभेटीची तारीख निवडता येते, त्याने या महोत्सवांच्या काळात जाणे श्रेयस्कर. कारण त्या दिवसांत मुख्य प्रयोगांखेरीज पेन्या व मद्यगृहे यांतही कलावंतांची वर्दळ असते.

प्रेक्षकाची भूमिका : फ्लामेंकोमध्ये प्रेक्षकाची दाद हा प्रयोगाचाच भाग असतो, परंतु तिला नियम आहेत. ‘ओले’ हा उद्‌गार ओळ किंवा पदन्यासाचा तुकडा जेथे पूर्ण होतो, तेथेच शोभतो. मंचावरील टाळ्या तालचक्रातील सूक्ष्म विभागांना धरून असल्याने प्रेक्षकांनी टाळ्यांची साथ करू लागल्यास कलावंतांचा ताल बिघडतो. म्हणून ती कटाक्षाने टाळावी लागते. बहुतेक ठिकाणी छायाचित्रणास मनाई असते किंवा ते केवळ अखेरच्या भागात करता येते. ताब्लाओची निवड करताना मंचाच्या भव्यतेपेक्षा गायक कोण आहे, त्याचे नाव जाहीर केले आहे काय, ध्वनिवर्धक वापरतात काय आणि प्रेक्षकसंख्या किती, या गोष्टींची चौकशी अधिक उपयुक्त ठरते. ज्या ठिकाणी कलावंतांची नावे सांगितली जात नाहीत, तेथे त्यांच्या कलेपेक्षा देखाव्याचे मोल अधिक असण्याचा संभव असतो. अल्प काळाच्या मुक्कामात एक ताब्लाओ व एक पेन्या, असा क्रम ठेवल्यास नृत्य व गायन या दोन्ही अंगांचा परिचय होतो.

सद्यःस्थिती : १६ नोव्हेंबर २०१० रोजी युनेस्कोने फ्लामेंकोचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश केला. आंदालुसियात हा दिवस फ्लामेंको दिन म्हणून पाळला जातो. आंदालुसियाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये फ्लामेंकोच्या संरक्षणार्थ स्वतंत्र अधिनियम संमत केला. तथापि या कलेचा आर्थिक पाया किती नाजूक आहे, हे २०२० च्या कोव्हिड महासाथीत दिसून आले. परदेशी प्रवाशांवर अवलंबून असलेली ताब्लाओ मार्च २०२० मध्ये एकाएकी बंद पडली व रोजच्या मानधनावर जगणाऱ्या कलावंतांचे उत्पन्न थांबले. माद्रिदमधील ‘कासा पातास’ हे नामांकित प्रयोगगृह त्याच वर्षी कायमचे बंद झाले. १९११ पासूनचा वारसा सांगणारे ‘व्हिया रोसा’ २०२१ मध्ये बंद पडले. पुढे त्याच वास्तूत नव्या नावाने ताब्लाओ सुरू झाले. अस्सल फ्लामेंको केवळ घरात वा पेन्यातच नांदतो, असे मानणाऱ्यांनाही या काळात एक गोष्ट जाणवली. पेन्यात महिन्यातून एखादे वेळी गाणारा गायक आणि महोत्सवात वर्षातून एकदा चमकणारी नर्तकी यांचा उरलेल्या दिवसांचा निर्वाह बव्हंशी ताब्लाओच्या मंचावरच होत असतो. घर, काफे, ताब्लाओ, पेन्या व नाट्यगृह ही स्थळे परस्परांची प्रतिस्पर्धी नसून परस्परपूरक आहेत. घरात गाण्याचे संस्कार होतात, पेन्यात त्यांची पारख होते, ताब्लाओत कसब घडते व नाट्यगृहात त्यास विस्तार मिळतो. यांपैकी एकही दुवा तुटल्यास इतरांना त्याची झळ पोहोचल्यावाचून राहत नाही.